वऱ्हाडचा प्रतिनिधी : अमरावतीच्या वकिलीतून दिल्लीच्या विधिमंडळात

मुंबईहून नागपूरला जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ साली पुरा झाला, तो अमरावतीला न शिवता तिच्या दक्षिणेस सुमारे दहा किलोमीटरवर असलेल्या बडनेरा या जुन्या बाजारगावावरून गेला. त्यामुळे कापसाची मोठी पेठ, जिल्ह्याची कचेरी आणि न्यायालये ज्या गावात होती, त्या गावाला मुख्य मार्गाशी जोडण्यासाठी पुढे बडनेऱ्यापासून एक छोटा फाटा टाकावा लागला. बडनेऱ्याची मूळ वसाहत रुळांच्या एका अंगाला राहिली आणि जंक्शनच्या आधाराने दुसऱ्या अंगाला नवी वसाहत वाढली; जुनी वस्ती आणि नवी वस्ती ही त्यांची नावे अद्याप चालू आहेत. मुंबईचे विद्यापीठ व हायकोर्ट, कलकत्त्याचे सरकार, दरवर्षी नव्या शहरात भरणारी राष्ट्रसभा म्हणजे काँग्रेस, यांपैकी कशाशीही काम पडलेल्या अमरावतीकराला बडनेऱ्यास गाडी बदलणे भाग होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी अशी गाडी वारंवार बदलणाऱ्यांत वकिलांचा भरणा मोठा होता. १९०१ च्या खानेसुमारीत, म्हणजे त्या काळच्या जनगणनेत, जेमतेम चौतीस हजार वस्ती असलेल्या अमरावतीने एकाच पिढीत राष्ट्रसभेचा एक अध्यक्ष, मध्यप्रांत सरकारचा एक गृहमंत्री आणि देशाच्या सर्वोच्च विधिमंडळातील दोन सभासद दिले, आणि ते सर्व अमरावतीच्या न्यायालयांत वकिली करणारे होते. त्यांच्यापैकी गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) यांचे उदाहरण विशेष अभ्यासनीय आहे, कारण एखाद्या जिल्ह्याच्या गावातील वकिली देशाच्या कायदेमंडळापर्यंत कशी पोचली, तेथे तिचा उपयोग किती झाला आणि ती कोठे अपुरी पडली, हे तिन्ही प्रश्न त्यांच्या चरित्रात एकत्र आले आहेत.

या प्रश्नांचा विचार करण्यापूर्वी, अमरावती ज्यात येते त्या वऱ्हाडची घटनात्मक स्थिती समजून घेणे आवश्यक आहे, कारण ती हिंदुस्थानातील इतर कोणत्याही मुलखासारखी नव्हती. हैदराबाद कंटिन्जन्ट या नावाने निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेचा पैसा थकत गेला, तेव्हा १८५३ च्या तहाने तो भागवण्यासाठी निजामाने वऱ्हाडचे जिल्हे ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिले. ताबा कंपनीचा, पुढे बादशाही सरकारचा, पण सार्वभौमत्व निजामाचे, असा हा व्यवहार होता; सरकारी कागदांत या प्रदेशाला ‘हैदराबादचे लावून दिलेले जिल्हे’ म्हणत आणि त्यांचा कारभार हैदराबादचा रेसिडेन्ट, म्हणजे तेथील ब्रिटिश प्रतिनिधी, पाहत असे. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याशी नवा करार करून वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतले आणि १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडले, तरीही सार्वभौमत्वाचा शब्द निजामाकडेच राहिला. याचा परिणाम असा, की वऱ्हाड कायद्याच्या भाषेत ‘ब्रिटिश इंडिया’ नव्हते आणि कलकत्त्याच्या विधिमंडळाने केलेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नव्हता. परराज्यातील अधिकाराच्या आधारे गव्हर्नर जनरलने तशी अधिसूचना काढावी लागे. वऱ्हाडपुरते जे खास नियम झाले, उदाहरणार्थ ग्रामीण बोर्डांविषयीचा १८८५ चा आणि नगरपालिकांविषयीचा १८८६ चा, तेही कोणत्या विधिमंडळात चर्चा होऊन नव्हे, तर सरकारी हुकमानेच अमलात आले. अशा मुलखात वकिली करणाऱ्याला दाव्याच्या गुणावगुणाआधी हा कायदा येथे चालतो काय, कोणत्या तारखेपासून चालतो आणि किती फेरफारासह चालतो, हे पाहावे लागे. ज्या प्रजेला कायदा करणाऱ्या मंडळात जागाच नाही, तिच्या वतीने त्या कायद्याचा काथ्याकूट करण्याची ही तालीम होती, आणि वऱ्हाडी वकिलांच्या राजकारणाचे मूळ वक्तृत्वापेक्षा या तालमीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

वकिलीला खाद्य पुरवले ते कापसाने. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस तुटला, वऱ्हाडी कापसाला अपूर्व भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला; परंतु तोपर्यंत रेल्वे आली होती आणि काळ्या जमिनीचा मोठा हिस्सा कापसाखाली गेला होता. याच सुमारास मुंबई इलाख्याच्या धर्तीवर वऱ्हाडात रयतवारी पद्धतीने जमिनीची मोजणी झाली. रयतवारी म्हणजे सरकारने मधल्या जमीनदाराशिवाय प्रत्यक्ष कसणाऱ्या खातेदाराशी सारा ठरवणे. या पद्धतीत खातेदाराला जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क मिळाला, आणि जी जमीन गहाण पडू शकते तिच्यावर सावकार कर्ज देतो, हा व्यवहार त्याच्या पाठोपाठ आला. गहाणखते, मुदतीचे रोखे, हप्ते चुकल्यावरचे दावे, दाव्याला दिलेला लेखी जबाब म्हणजे कैफियत, न्यायालयाचा निकालपत्ररूप हुकूम म्हणजे डिक्री आणि तिच्या बजावणीत होणारी जप्ती, या साखळीवर तालुक्याच्या गावापासून जिल्ह्यापर्यंतची वकिली उभी राहिली. देशमुखी-देशपांडेपणाच्या हक्कांचे, इनामांचे, पाटीलकीच्या वारशाचे आणि दत्तकाचे तंटे होतेच. वकिलाच्या बैठकीत एके दिवशी कर्जात बुडालेला कुणबी अशील आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दावा लावणारा सावकार अशील, असे चित्र सर्रास दिसे. या वर्गाच्या राजकीय सचोटीविषयी पुढे बहुजन समाजाच्या पुढाऱ्यांनी जी शंका घेतली, तिचे बीज येथे आहे आणि ती शंका निराधार म्हणता येत नाही.

खापर्डे यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ रोजी वऱ्हाडात इंगरोळी येथे झाला. वडील श्रीकृष्ण नरहर हे सरकारी नोकरीत चढत गेलेले गृहस्थ होते, आणि मुलाचे शिक्षण नागपूर, अमरावती व नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. १८७७ मध्ये ते बी.ए. झाले व १८८४ मध्ये त्यांनी एलएल.बी. ही कायद्याची पदवी घेतली. संस्कृताचा व्यासंग त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. वकिलीत उडी घेण्यापूर्वी सुमारे पाच वर्षे त्यांनी वऱ्हाडातच सरकारी नोकरी केली, आधी मुन्सफ म्हणजे लहान रकमांच्या दिवाणी दाव्यांचा न्यायाधीश म्हणून आणि नंतर एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर म्हणून. या दुसऱ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडे महसूल, फौजदारी न्याय आणि किरकोळ प्रशासन अशी तिन्ही कामे असत, आणि न्याय करणारा हात व सारा वसूल करणारा हात एकच असण्यातली गैरसोय त्याला आतून दिसे. राष्ट्रसभेच्या पहिल्या वीस वर्षांत न्यायखाते व अंमलबजावणी खाते विभक्त करा हा ठराव जवळजवळ नेमाने होत आला. खापर्ड्यांना तो पुस्तकातून शिकावा लागला नाही. १८९० च्या सुमारास नोकरी सोडून त्यांनी अमरावतीस वकिली सुरू केली आणि थोड्याच वर्षांत ती इतकी वाढली, की त्यांच्या वाड्यावरचा राबता, गाड्याघोडे, नाटककंपन्यांना दिलेला आश्रय आणि पाहुण्यांची सरबराई यांमुळे लोक त्यांना ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणू लागले. हे बिरुद कौतुकाचे होते; तरी त्यात थोडा टोमणाही होता, आणि तो खापर्ड्यांना ठाऊक नसेल असे मानण्याचे कारण नाही.

खापर्डे आले तेव्हा अमरावतीच्या वकिलवर्गात दोन प्रतिष्ठित नावे आधीच होती. रंगनाथ नरसिंह मुधोळकर (१८५७–१९२१) हे मूळचे धुळ्याचे. १८८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी अमरावतीस बस्तान बसवले, वऱ्हाड सार्वजनिक सभेच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि व्यापार-उद्योगाच्या कंपन्या काढण्याच्या खटपटीही केल्या. मोरोपंत विश्वनाथ जोशी हेही त्याच दशकातले. सार्वजनिक सभा, नगरपालिका आणि जिल्हा बोर्ड ही या मंडळींची पहिली विधिमंडळे होत. बोर्डाच्या बैठकीत रस्ते, विहिरी, शाळा, पटकीच्या साथीतील औषधे असे विषय असत, अध्यक्षपदी बहुधा साहेब असे आणि ठरावाला कलेक्टरच्या दर्जाचा डेप्युटी कमिशनर केव्हाही नकार देऊ शके. तरीही कार्यक्रमपत्रिका, उपसूचना, मतमोजणी आणि इतिवृत्त यांची सवय येथेच लागली. खापर्डे नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि जिल्हा बोर्डाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे दीर्घ काळ राहिले. चरित्रलेखक बहुधा या कामाला दोन ओळींत गुंडाळतात, पण दिल्लीच्या सभागृहात पुढे खापर्डे ज्या सहजतेने नियमांचे बोट धरून बोलत, ती सहजता या नीरस बैठकांची देणगी होती.

डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रसभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले. सर सी. शंकरन नायर हे मद्रासचे कायदेपंडित अध्यक्ष आणि खापर्डे स्वागताध्यक्ष होते, म्हणजे यजमान गावाच्या वतीने पाहुण्यांचे स्वागत व भाषण करणाऱ्या समितीचे प्रमुख. ते वर्ष दुष्काळाचे, मुंबई-पुण्यात प्लेगचे आणि पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांच्या खुनानंतरच्या दडपशाहीचे होते. लोकमान्य टिळकांना सप्टेंबरमध्येच राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती. देशभरचे प्रतिनिधी बडनेऱ्यास उतरून फाट्याच्या गाडीने अमरावतीत आले आणि वऱ्हाडातील सामान्य माणसाने बंगाली व मद्रासी पुढारी प्रथमच समोर पाहिले. याच अधिवेशनात बंगालच्या अश्विनीकुमार दत्त यांनी राष्ट्रसभेचे काम म्हणजे तीन दिवसांचा तमाशा होऊन बसले आहे, अशी टीका केली, आणि ती अमरावतीच्या यजमानांपैकी एकाला तरी पटली असावी, कारण पुढच्या दहा वर्षांत खापर्डे टिळकांच्या बाजूला पुरते झुकले, तर मुधोळकर व जोशी नेमस्तांत, म्हणजे सनदशीर अर्जविनंत्यांवर भिस्त ठेवणाऱ्या पक्षात, राहिले.

या फुटीकडे केवळ जहाल विरुद्ध मवाळ अशा ठोकळ्याने पाहणे पुरेसे नाही. दोन्ही बाजूंचे पुढारी एकाच न्यायालयात उभे राहत, एकाच बोर्डावर बसत आणि एकाच विद्यापीठाच्या पदव्या मिरवत. त्यांच्यातील फरक कायद्यावरील श्रद्धेचा नव्हता, तर सरकार स्वतः कायदा पाळेल की नाही या अंदाजाचा होता. १९०७ चे अधिवेशन नागपूरला व्हायचे ते तेथील स्वागत समितीतील भांडणांमुळे सुरतेला गेले आणि सुरतेस राष्ट्रसभा मोडली; या साऱ्या प्रकरणात खापर्डे टिळकांच्या बरोबर होते. मुधोळकर मात्र १९१० नंतर मोर्ले-मिंटो सुधारणांनुसार वाढवलेल्या शाही विधिमंडळात, म्हणजे व्हाइसरॉयच्या अध्यक्षतेखाली कलकत्ता, दिल्ली व सिमल्यास बसणाऱ्या मंडळात, सभासद झाले आणि १९१२ मध्ये बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष निवडले गेले. अमरावतीतून राष्ट्रीय विधिमंडळात पोचण्याचा पहिला मान अशा रीतीने नेमस्ताकडे गेला, आणि जहाल वकिलाला तेथे पोचण्यासाठी आणखी काही वर्षे आणि एक लांबचा वळसा लागला.

तो वळसा लंडनचा होता. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि ऑगस्टमध्ये खापर्डे आपली चालती वकिली बंद ठेवून विलायतेस निघाले. साम्राज्यातील न्यायालयांवरचे अखेरचे अपील जेथे चाले, त्या प्रिव्ही कौन्सिलपुढे टिळकांची बाजू मांडण्याची तजवीज करणे, पार्लमेंटातील सभासदांना भेटणे आणि इंग्रज वाचकांपुढे खटल्याची हकीकत आणणे, ही कामे त्यांनी अंगावर घेतली. अपिलाला परवानगी मिळाली नाही. तरीही ते दोन वर्षे तेथे राहिले आणि परतताना ऑक्टोबर १९१० मध्ये ब्रह्मदेशात उतरून मंडालेच्या तुरुंगात टिळकांना भेटले. या दोन वर्षांचे फलित शून्य होते, असा हिशेब अमरावतीतील काही समकालीनांनी मांडला असेल, आणि पैशाच्या दृष्टीने तो खराही आहे. परंतु पार्लमेंटचे कामकाज जवळून पाहण्याची संधी वऱ्हाडातील दुसऱ्या कोणत्या वकिलाला एवढ्या दीर्घ काळ मिळाली नव्हती. प्रश्न विचारून मंत्र्याला अडचणीत आणणे, मूळ प्रस्तावाला बगल देण्यासाठी चौकशी समितीची मागणी करणे, हरण्याची खात्री असलेला ठराव केवळ नोंद राहावी म्हणून मांडणे, ही तेथली हत्यारे पुढे त्यांच्या हाती दिसतात.

परतल्यानंतरचा काळ त्यांच्या चरित्रात वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध झाला. डिसेंबर १९१० मध्ये आठवडाभर आणि नंतर डिसेंबर १९११ पासून मार्च १९१२ पर्यंत ते शिर्डीस साईबाबांजवळ राहिले, आणि त्या दिवसांची त्यांची रोजनिशी साईभक्तांत आजही वाचली जाते. हेमाडपंतांच्या साईसच्चरितात खापर्ड्यांचा उल्लेख आहे तो बाबांसमोर तोंड न उघडणारा विद्वान व वक्ता म्हणून. या मुक्कामामागे भक्ती होती, कौटुंबिक चिंता होती आणि गुप्त पोलिसांची नजरही होती. टिळकांचा उजवा हात असलेला माणूस एका खेड्यात महिनोन्‌महिने काय करतो, याची सरकारला विवंचना असणे स्वाभाविक होते. राजकारणातील या माणसाला पाळतीचा अनुभव असा प्रत्यक्ष होता, आणि त्याचे राजकीय पडसाद सहा वर्षांनी सिमल्यास उमटले.

टिळक १९१४ मध्ये सुटले, एप्रिल १९१६ मध्ये बेळगावास होमरूल लीग स्थापन झाली आणि तिच्या चालकांत खापर्डे होते. १९१८ साली ते शाही विधिमंडळाचे सभासद म्हणून बसत होते. त्या मंडळाची रचना अशी होती, की सरकारी सभासदांचे बहुमत कायम राहील. बिनसरकारी सभासदाला प्रश्न विचारता येत, ठराव मांडता येत, भाषण करता येई, पण सरकारची इच्छा नसेल तर जिंकता येत नसे. या मर्यादेत त्यांनी केलेले सर्वांत लक्षणीय काम २३ सप्टेंबर १९१८ चे आहे. क्रांतिकारक चळवळींची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती रौलट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल नुकताच बाहेर आला होता आणि त्यावरून खटल्याविना स्थानबद्धता, ज्युरीविना सुनावणी अशा तरतुदींचे कायदे होणार हे दिसू लागले होते. खापर्ड्यांनी ठराव मांडला, की या अहवालावरील विचार तहकूब ठेवावा आणि आधी सरकारी व बिनसरकारी सभासदांच्या मिश्र समितीने गुन्हे अन्वेषण खात्याच्या, म्हणजे सी.आय.डी.च्या, कारभाराची कसून चौकशी करावी. ही खास वकिली चाल होती. फिर्यादी पक्षाचा पुरावा ज्याने गोळा केला त्याचीच उलटतपासणी घ्या, असा तिचा अर्थ होता, आणि पुराव्याच्या साखळीतील सर्वांत दुबळी कडी कोणती हे ज्याला अमरावतीच्या फौजदारी न्यायालयांत रोज दिसत होते, त्यालाच ती सुचली. ठराव अर्थातच फेटाळला गेला. फेब्रुवारी १९१९ मध्ये रौलट विधेयके आली, हिंदी सभासदांच्या विरोधाला न जुमानता मार्चमध्ये त्यांतील एकाचा कायदा झाला, आणि पुढे अमृतसरला जालियनवाला बागेत जे हत्याकांड घडले त्याने विधिमंडळातील विरोधाची पातळीच बदलून टाकली. सप्टेंबरच्या ठरावाची आठवण त्या धुमाळीत मागे पडली. रौलट कायद्याच्या इतिहासात त्याला मिळते त्यापेक्षा अधिक जागा मिळायला हवी.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने केंद्रात दोन सभागृहे निर्माण केली. खालचे लेजिस्लेटिव्ह असेंब्ली आणि वरचे कौन्सिल ऑफ स्टेट. वरच्यात साठ जागा, मतदारांची मालमत्तेची व प्रतिष्ठेची पात्रता इतकी उंच, की साऱ्या देशात त्याचे मतदार सतरा हजारांच्या आसपास भरले, आणि त्यांत स्त्रिया नव्हत्या. वऱ्हाडची अडचण येथे पुन्हा उभी राहिली. जो मुलूख ब्रिटिश इंडिया नाही, तेथून ब्रिटिश इंडियाच्या विधिमंडळावर कोणाला निवडून पाठवायचे कसे? कायदा तयार करणाऱ्यांनी यावर काढलेली तोड अशी, की वऱ्हाडात निवडणूक घ्यावी, मते मोजावीत, विजयी कोण ते जाहीर करावे, आणि मग त्या विजयी उमेदवाराला सरकारने ‘नियुक्त’ करावे. कौन्सिलच्या नियमांत नियुक्त सभासदांच्या यादीत एक जागा वऱ्हाडात झालेल्या निवडणुकीचा परिणाम म्हणून भरायची, असे स्पष्टच होते. खापर्डे या जागेवर आले आणि कामकाजाच्या अहवालांत त्यांच्या नावापुढे ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ असे छापले जाऊ लागले. निवडून आलेला पण कायद्याने नेमलेला, निजामाच्या नाममात्र प्रजेचा पण बादशहाच्या विधिमंडळातील सभासद, अशा या जागेवर तीस वर्षे वऱ्हाडी कायद्याच्या कसरती केलेला वकील बसावा, यात एक प्रकारचे औचित्य होते.

परंतु त्या जागेवर बसण्याची किंमत मोठी पडली. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाने असहकारितेच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले. न्यायालयांवर बहिष्कार, विधिमंडळांवर बहिष्कार, सरकारी पदव्यांचा त्याग हा कार्यक्रम नेमका त्याच संस्थांना उद्देशून होता, ज्यांत वऱ्हाडी वकिलांच्या पिढीचे आयुष्य गेले होते. टिळकांनी १९२० च्या वसंतात काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला होता तो नव्या विधिमंडळांत शिरून झगडण्याचा, आणि खापर्डे त्याच धोरणाला चिकटून राहिले. नव्या पिढीच्या दृष्टीने मात्र, ज्या माणसाने टिळकांसाठी दोन वर्षे लंडनला काढली, तो आता सरकारने नियुक्त केलेला ‘ऑनरेबल’ सभासद होता. दोन्ही बाजू आपापल्या परीने टिळकांचाच वारसा सांगत होत्या, आणि टिळक हयात असते तर काय करते, यावर वऱ्हाडात झालेले वाद इतिहासकाराने सोडवण्यासारखे नाहीत. येथे एवढेच म्हणता येते, की चळवळ खेड्यात पोचली तेव्हा तिला ठरावाची भाषा बोलणाऱ्या वकिलाची गरज कमी झाली, आणि खापर्ड्यांनी आपली भाषा बदलली नाही.

कौन्सिल ऑफ स्टेट आरंभी दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये भरे. नवे पार्लमेंट भवन १९२७ साली उघडले. सभागृहात संस्थानिकांचे नातेवाईक, बडे जमीनदार, गिरणीमालक आणि निवृत्त सरकारी अधिकारी यांचा भरणा होता, आणि श्रीनिवास शास्त्री किंवा फिरोज सेठना यांच्यासारखे उदारमतवादी वक्ते अपवादाने. अशा मंडळात खापर्ड्यांची विनोदी, दाखल्यांनी भरलेली, मधूनच संस्कृत वचनाकडे वळणारी भाषणशैली उठून दिसे. कौन्सिल कायदे रोखू शके, पण ते बहुधा रोखी असेंब्लीने लोकहितासाठी केलेले. म्हणून खालच्या सभागृहातील राष्ट्रीय पक्ष त्याच्याकडे तिरस्काराने पाहत. एका हुशार माणसाची वर्षे अशा सभागृहात खर्ची पडली, हे खेदाने नोंदवावे लागते.

याच काळात, १९२३ मध्ये, वऱ्हाडच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्या वर्षी वऱ्हाड परत मिळावे अशी मागणी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगकडे केली आणि सर अली इमाम यांच्यासारखा नामांकित कायदेपंडित या कामाला लावला. १८५३ चा तह, १९०२ चा पट्टा, जुलमाने घेतलेली संमती, सार्वभौमत्वाचा अर्थ, असे ते प्रकरण एखाद्या गहाणखताच्या दाव्यासारखे लढवले गेले. फरक इतकाच, की गहाण पडलेली वस्तू जिवंत माणसांचा प्रांत होता आणि त्याला पक्षकार म्हणून कोणी जोडले नव्हते. २७ मार्च १९२६ च्या पत्रात रीडिंग यांनी मागणी फेटाळताना जे उत्तर दिले, ते सर्व संस्थानांवरील ब्रिटिश सार्वभौम सत्तेच्या सिद्धान्ताचे प्रमाणवचन म्हणून पुढे वारंवार उद्धृत झाले. वऱ्हाडी जनतेला निजामाकडे परत जायचे नव्हते. ब्रिटिशांच्या या जोरकस उत्तराने तिचा हेतू साधला, पण ज्या तत्त्वाने साधला ते तत्त्व तिच्या पुढाऱ्यांना मान्य होण्यासारखे नव्हते.

अमरावतीच्या त्या जुन्या वकिलवर्गातील इतरांची वाटचाल निराळी झाली. मोरोपंत जोशी मध्यप्रांत सरकारात गृहमंत्री झाले आणि १९२८–२९ मध्ये संमतिवयाच्या प्रश्नाची देशभर चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव बालविवाह प्रतिबंधाच्या इतिहासाशी जोडले गेले. ज्या सामाजिक प्रश्नात सरकारी कायदा नको असे टिळकपक्ष १८९१ पासून म्हणत आला, तेथे एका अमरावतीकर नेमस्ताचे काम टिकाऊ ठरले. खापर्ड्यांच्या राजकीय परंपरेचे वारस यवतमाळचे वकील माधव श्रीहरी अणे होते. तेही केंद्रीय असेंब्लीत ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ म्हणूनच बसले, पण त्यांनी तुरुंगही पाहिला आणि जुन्या टिळकपक्षाला नव्या काळाशी जोडण्याचा प्रयत्न केला.

१९३५ च्या कायद्यात वऱ्हाडसाठी स्वतंत्र कलम घालावे लागले, १९३६ मध्ये निजामाशी पुन्हा करार झाला आणि निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, हा किताब मिळाला. खापर्डे १ जुलै १९३८ रोजी वारले. १८७९ पासून अखेरपर्यंत इंग्रजीत लिहिलेल्या त्यांच्या रोजनिश्यांचे चाळीसहून अधिक खंड दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांचे पुत्र बाळकृष्ण यांनी लिहिलेले मराठी चरित्र उपलब्ध आहे. शिर्डीच्या काही महिन्यांपलीकडे या रोजनिश्यांचा वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासासाठी व्हावा तितका उपयोग झालेला नाही. खापर्ड्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, १९५२ साली, अमरावतीहून बॅरिस्टर पंजाबराव देशमुख लोकसभेवर निवडून गेले आणि केंद्रीय कृषिमंत्री झाले. पापळ गावच्या शेतकरी कुटुंबातील हा बॅरिस्टर अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या लढ्यातून आणि शिवाजी शिक्षण संस्थेच्या उभारणीतून पुढे आला होता, आणि त्याला निवडणाऱ्यांत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाचे मत होते. निवडून आल्यावर त्याची नियुक्ती करण्याचे कोणाला कारण उरले नव्हते.